तुमचं चाललं होतं

१

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात पहिला संशय मला माझ्या हातांचाच आला.

मी इमारतींचे नकाशे काढते. वीस वर्षं ऑफिसात बसून काढले, मग ऑफिसनं सांगितलं की आता घरूनच काम करा. माझा जुना लॅपटॉप तीन मजल्यांच्या वर गेलं की धापा टाकायचा. तयार कॉम्प्युटर घेता आला असता, पण दुकानात काचेमागे मदरबोर्डांचे खोके रचलेले दिसले आणि माझे हात शिवशिवायला लागले. दुकानदाराच्या कानामागे पेन्सिल होती. त्यानं माझी यादी वाचली आणि जोडून कोण देणार, असं विचारलं. मीच, म्हटल्यावर त्यानं यादीत एक ओळ वाढवली: प्रोसेसरवर लावायची पेस्ट. ही सगळेच विसरतात, म्हणाला.

जोडायला बसले मागच्या खोलीत. ती आमची खोली, माझी आणि दादाची. मी नऊ वर्षांची आणि दादा चौदाचा असताना बाबांच्या ऑफिसनं एक कॉम्प्युटर मोडीत काढला होता. बाबांनी तो चादरीत गुंडाळून घरी आणला. खोलीत खुर्ची एकच होती, म्हणून आम्ही अर्धी-अर्धी वाटून बसायचो. उजवी बाजू त्याची, कारण माउस उजवीकडे. डाव्या कडेवर मी अशी टेकलेली असायची की एक पाय कायम जमिनीवर रोवून धरावा लागायचा. दुसऱ्याच आठवड्यात दादानं तो कॉम्प्युटर उघडला. त्यानं उघडून बंद केलेल्या कुठल्याही वस्तूतून एक तरी स्क्रू उरायचाच, आणि तरी ती वस्तू चालायची. आई म्हणायची, याच्याच डोक्यातला कुठला तरी कमी आहे, तो भरून काढतोय.

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर बिघाड गेला तरी कुठून गेला ते कळत नाही, असं तो मला पुन्हापुन्हा सांगायचा.

दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

त्या रविवारी आई दारात स्टूल टाकून शेंगा सोलत बसली होती. मी बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं उमटली. आईनं मान वर न करता विचारलं, "लागला?" पूर्वीही ती असंच विचारायची. मी हो म्हटलं, आणि तिच्याकडे बघवेना म्हणून उगाच एक वायर नीट करत बसले.

२

पहिल्यांदा हँग झाला तो बुधवारी दुपारी. मी एका दवाखान्याचा जिना काढत होते. बारावी पायरी ओढली आणि कर्सर थिजला. माउस हलवून पाहिला, कीबोर्डवर बोटं आपटली. काही नाही. साधारण दहा आकडे मोजेपर्यंत सगळं गप्प होतं, मग कर्सर एकदम उडी मारून पुढे गेला आणि काम सुरू झालं.

नवा कॉम्प्युटर पहिल्या आठवड्यात थोडा कुरकुरतोच, असं स्वतःला सांगितलं. गुरुवारी झालं नाही. शुक्रवारी दोनदा झालं. दुसऱ्या वेळी माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कर्सर थिजला, मी मनात आकडे मोजले, कर्सर सुटला आणि घड्याळ चार एकतीस दाखवायला लागलं.

मला उलट बरंच वाटलं. घड्याळ असं उड्या मारतंय म्हणजे बोर्डावरचा गोल सेल खराब आहे, आणि सेल बदलणं दोन मिनिटांचं काम.

३

सेल बदलला, पण फरक पडला नाही.

मग मी दादाच्या रीतीनं सुरुवात केली. एक वही घेतली आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवायला लागले: किती वाजता, काय उघडं होतं, किती गरम होता. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून तीन दिवस चालवला, मग ती लावून दुसरी काढली. ग्राफिक्स कार्ड उपटून पुन्हा बसवलं. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नव्यानं लावली. सगळं सॉफ्टवेअर काढून पहिल्यापासून टाकलं. दुकानदारानं तपासणीपुरता त्याच्याकडचा पॉवर सप्लाय दिला, तोही लावून पाहिला. कधी आठ मिनिटं, कधी चौदा, कधी वीस, घड्याळाच्या उड्या चालूच राहिल्या.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत वाईट वाटत नव्हतं. कॅबिनेटची बाजू उघडी टाकून मी जमिनीवर मांडी घालून बसायचे. तापलेल्या प्लास्टिकचा आणि धुळीचा तो वास यायचा. स्क्रू ड्रायव्हर दातांत धरलेला असायचा. आई आत डोकावून जायची. चाळिशी उलटलेली बाई, पण त्या खोलीत माझं वय मला आठवत नव्हतं.

एका शनिवारी रॅमची लांबलचक चाचणी लावून मी सकाळी बाहेरची कामं करायला गेले. संध्याकाळपर्यंत ती नऊ तास चालली होती. एकही चूक नव्हती, एकदाही थांबली नव्हती. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला की मशीन ठणठणीत दिसतंय, आणि तुम्ही समोर बसलात की मगच ते हँग होतं, हे काही त्याच्या ऐकण्यात नाही.

त्यानं ते गमतीनं म्हटलं होतं.

४

चहाकडे माझं लक्ष मंगळवारी गेलं. कप ओठाला लावला, जीभ पोळली म्हणून खाली ठेवला, तेवढ्यात कर्सर थिजला. नेहमीसारखे दहा आकडे मोजले. कर्सर सुटला आणि मी कप उचलला. चहा गार होता. वर साय धरली होती.

मी उठून बाहेरच्या खोलीत गेले. भिंतीवरचं घड्याळ आणि कॉम्प्युटरचं घड्याळ एकच वेळ दाखवत होती.

आता हे इतक्या उशिरा कसं लक्षात आलं, असं कुणी विचारेल. पण मशीन बिघडलंय असं एकदा धरून चाललं की माणूस मशीनकडेच बघतो. मी त्यात एक छोटा प्रोग्रॅम टाकलेला होता. दर पाच सेकंदांनी तो प्रोसेसरचं तापमान एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. इतके दिवस मी त्या फाइलमध्ये आकडे वाढतात का एवढंच पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वेळा पाहिल्या. चार दहा, चार अकरा, चार बारा. एकही ओळ गाळलेली नव्हती. मी जेव्हा म्हणत होते की हा थिजलाय, तेव्हा तो आपला निवांत, न चुकता, दर पाच सेकंदांनी लिहीत होता.

वही उघडली. रॅमवर काट, पॉवर सप्लायवर काट, कार्डावर काट. एकेक करून सगळे भाग बदलून झाले होते. न बदललेला एकच राहिला होता, आणि तो खुर्चीवर बसला होता.

५

त्या संध्याकाळी मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, की दुपारी तू मागच्या खोलीत आली होतीस का.

आई पंचाहत्तरीची आहे, पण वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनानं सोडवते आणि माझ्या नकाशांवरचं शुद्धलेखन तपासते. तिनं चष्मा पुसत सांगितलं की आली होती. फोन आला होता माझ्यासाठी, ऑफिसमधून.

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुमचं चाललं होतं," ती म्हणाली, "म्हणून परत गेले."

तिनं चष्मा घातला आणि कोडं पुढे ओढलं. मी तिच्याकडे बघत राहिले. आई मला जन्मापासून तू म्हणते. तुमचं, असं ती फक्त तेव्हाच म्हणायची जेव्हा आम्ही दोघं असायचो. तुमचं आटपलं का, तुमचं भांडण मिटलं का. कुणाचं चाललं होतं, हा प्रश्न माझ्या तोंडात तयार होता. मी तो विचारला नाही. तिच्या उत्तराची मला भीती वाटली, आणि ते उत्तर ती चष्म्यावरून बघत अगदी साधेपणानं देईल याची त्याहून जास्त.

६

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. डोक्याला तारा लावून तपासणी झाली. आलेखात किंचित काहीतरी आहे, पण नाहीही म्हणता येईल, असं त्या म्हणाल्या. काही जणांचं मन असं थोडा वेळ बंद पडतं. डोळे उघडे असतात, माणूस बसलेला असतो, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. एकटक पडद्याकडे बघण्यानं हे वाढू शकतं. वीस मिनिटं म्हणजे जरा जास्तच लांब आहे, असं म्हणून त्यांनी भुवया उंचावल्या, पण गोळ्या लिहून दिल्या. गॅसजवळ एकटं उभं राहू नका, आणि जमलं तर घरच्यांना सांगा, तेव्हा तुम्ही काय करता ते फोनवर चित्रित करायला.

मी हलक्या मनानं घरी आले. आजाराला नाव मिळालं होतं. आईचं बोलणंही मी त्यात बसवून टाकलं: तुमचं म्हणजे तुझं आणि कॉम्प्युटरचं.

गोळ्या मात्र पर्समध्येच राहिल्या. आधी चित्रण करू, मग गोळ्या. एका वेळी एकच गोष्ट.

७

फोन पुस्तकांच्या फळीवर उभा केला, खुर्ची कडेनं दिसेल असा. खुर्ची म्हणजे ऑफिसमधली असते तशीच, रुंद बैठकीची. वर मी फोमची जाड गादी टाकली होती. तिसऱ्या दिवशी सापडलं. आई शेजारच्या खोलीत झोपली होती म्हणून आवाज बंद करूनच पाहायला बसले.

चित्रात मी काम करते आहे. मग माझा हात थांबतो. मला वाटलं, आता हे चित्रणच अडकलं. पण खिडकीचा पडदा हलत होता.

दोनेक मिनिटं तसंच. मग मी हातांचा आधार न घेता, सवयीच्या माणसासारखी, डावीकडे सरकते. खुर्चीच्या अगदी कडेला. डावा पाय जमिनीवर रोवते. उजवा हात माउसवरून उचलून मांडीवर घेते. अर्धी खुर्ची रिकामी. पुढे बराच वेळ फक्त पडदा हलतो.

नवव्या मिनिटाला गादीची उजवी बाजू खाली गेली. एकदम नाही. फोमवर कुणी टेकलं की तो जसा श्वास सोडत बसतो, तशी. आणि चित्रातली माझी मान उजवीकडे कलली. चेहरा अर्धाच दिसत होता, पण तो माझा आताचा चेहरा नव्हता. इतकी खूश मी कधी असायचे ते मला ठाऊक आहे.

तिथेच मी थांबवलं. अजून बारा मिनिटं उरली होती.

मग मी शहाण्यासारखी वागले. जाऊन खुर्चीच्या डाव्या कडेवर बसले आणि उजव्या बाजूकडे पाहिलं. तिकडची गादी वर उचलली गेली. चारदा बसले, चारही वेळा तेच. तळव्यानं दाबून पाहिली. चित्रात गेली तेवढी खाली न्यायला मला अंगाचा सगळा भार द्यावा लागला.

८

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद ठेवायला हवा होता. शुक्रवारपर्यंत दवाखान्याचा नकाशा द्यायचा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण उरलेलं काम लॅपटॉपवरही झालं असतं. मला त्या खुर्चीत बसायचं होतं, एवढंच. घाबरलेही होते आणि जायचंही होतं. दुपारी कपडे बदलून, केस विंचरून मी मागच्या खोलीत गेले, आणि केस का विंचरले हे आरशासमोर माझ्या लक्षात आलं.

कर्सर थिजला. मी मोजायला सुरुवात केली. कर्सर सुटला.

घरात नळ वाहत होता. आधी वाटलं, आई भांडी घासते आहे. मग कळलं की आवाज बाथरूमचा आहे आणि तो एकसारखा येतो आहे, मध्ये हात आल्यासारखा कुठेच तुटत नाही.

आई बादलीला टेकून जमिनीवर बसली होती. पातळ चिंब झालं होतं. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं आणि ते तिनं डाव्या हातानं मांडीवर जपून धरलं होतं. चेहरा पांढराफटक, पण शांत. मी नळ बंद केला. ती किती वेळ अशी आहे ते मला कळेना, म्हणून तिलाच विचारलं. बराच, म्हणाली.

"अगं, हाक मारायचीस ना मला."

"मारली होती एक. मग ऐकू आलं."

"काय?"

"हसणं. तुम्ही दोघं हसत होतात." ती माझ्याकडे बघत होती. "मग नाही मारली. म्हटलं, परत हाक मारली तर थांबेल."

मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. दादा गेल्यापासून आईला मी रडताना पाहिलं नव्हतं. आताही ती रडली नाही. तिनं फक्त, मी उठवायला हात घातला तेव्हा, हळूच विचारलं, "इतकं काय हसत होतात गं?"

मला ते माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

९

तिच्या हाताला प्लॅस्टर घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर सुटा केला. कार्ड, रॅम, प्रोसेसर, एकेक भाग ज्याच्या त्याच्या खोक्यात. आई दारात उभी राहून बघत होती. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

खोके मी दुकानदाराला नेऊन दिले. त्यानं सगळं पुन्हा जोडून आठ दिवस दुकानात चालवलं. त्याची बायको त्यावर दिवसभर काम करायची. एकदाही अडकला नाही, नेताय का परत, असं त्यानं फोनवर विचारलं. मी नको म्हटलं. तो कॉम्प्युटर आता कुठल्याशा शाळेत आहे.

गोळ्या सुरू केल्या. लागू पडल्या. लॅपटॉपवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, आईच्या नजरेसमोर बसून मी काम करते. चार महिने झाले, एकही मिनिट हरवलेलं नाही. डॉक्टरीणबाई खूश आहेत. मला मात्र कधीकधी हिशेब लागत नाही तो दुसराच: इतक्या दुपारी मी त्याच्या शेजारी बसले असेन तर त्यातलं एक वाक्यही माझ्याकडे का नाही?

चित्रण मी पुसलं नव्हतं. पाहिलंही नव्हतं.

काल दुपारी आई समोर येऊन बसली. प्लॅस्टर निघालंय, मनगट थोडं वाकडं जुळलंय. तिनं विचारलं की फळीवर फोन ठेवून मी जे काढलं होतं ते आहे का अजून. फोन तिनं तेव्हाच पाहिला होता. मी आहे म्हटलं. आवाजही आहे का, तिनं विचारलं.

इअरफोनची एक गुंडी तिच्या कानात दिली, दुसरी माझ्या. सुरुवातीपासून लावलं. माझ्या कानात पंख्याची घरघर होती, पडद्याच्या कड्या वाजत होत्या, लांबून एखादी गाडी जात होती. हसणं नव्हतं. माझंसुद्धा नव्हतं. नववं मिनिट आलं तसं मी फोनवरून नजर काढली आणि आईकडे पाहिलं. ती फोनकडे बघतच नव्हती. टेबलावर नजर लावून, रेडिओ ऐकताना बसावं तशी बसली होती. हळूहळू तिच्या गालांना खळ्या पडल्या. मग ती खुदकन हसली. हात लांब करून माझ्या कानातली गुंडी तिनं काढून घेतली आणि आपल्या दुसऱ्या कानात घातली. मी घेऊ दिली.

एकवीस मिनिटांनी चित्रण संपलं. फोनचा पडदा काळा झाला. आई तशीच बसून राहिली.

मी तिला हाक मारली. पापण्या लवत होत्या, श्वास चालू होता, ओठांवर हसू होतं. मान किंचित एका बाजूला होती, बोलणाऱ्याकडे आपण वळवतो तशी. तिच्या दंडाला हात लावायला मी पुढे झाले आणि मध्येच थांबले. फोन तर केव्हाचा बंद होता. तरी ती मधूनमधून मान डोलवत होती, मध्येच जराशी हसत होती, आणि एकदा माझ्याकडे बोट दाखवून कुणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखे तिचे ओठ हलले.

दुसरी हाक माझ्या गळ्यापर्यंत आली होती. ती मी मारली नाही. खिडकीतला उजेड टेबलावरून सरकत भिंतीवर गेला, मग तिथूनही गेला. दिवा लावायला उठायला हवं होतं. मी आईचा वाकडा हात हातात धरून अंधारात बसून राहिले.